मूठभर सपीठ

मोशेचे नियम वाचताना पोरं जांभया देतात.
चरबी, गुरदे, काळजावरचा पडदा,
रक्त वेदीभोवती,
कुठला खांदा याजकाचा, कुठलं कातडं कुणाचं –
खाटकाची वही देवाने स्वतःच्या अक्षरात लिहावी तसं.
“बाई, आपण तर बोकड कापत नाही देवाला,”
योएल रणपिसे म्हणतो.
“मग हे कशाला?”

मला सांगता येत नाही.
म्हणून शरणपूरचा कापणीचा सण सांगते.

त्या वर्षी बाबा घरी होते.
नाशिकरोडच्या छापखान्यात ओल्या नोटांचे ताव मोजायचे ते,
एकोणीस वर्षं.
रोज सुटताना झडती – खिसे, डबा, चपलांचे तळवे –
मग रिकाम्या हातांनी सायकलवर टांग.
एका पाळीत एक ताव कमी भरला.
दोष कुणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
पण कुणाचा तरी हवा होता,
सहीला जागा रिकामी होती.

देवळात वेदीपुढे ढीग लागलेला:
भोपळे, गव्हाच्या लोंब्या,
ओझरच्या द्राक्षांची पेटी,
पाय बांधलेला कोंबडा मधेच आमेन म्हणाल्यासारखा,
आणि ठेकेदार हिवाळ्यांचं करडू,
पांढरंशुभ्र, अंगावर एक ठिपका नाही.
“निर्दोष नर!” पाळकसाहेब म्हणाले,
आणि सगळं देऊळ हसलं.

आईच्या हातात एक वाटी. वर रुमाल.
बाबांनीच शोधून काढलं होतं आदल्या रात्री, कंदिलाशी:
कोकराची ऐपत नसेल त्याने दोन पारवे आणावेत,
पारव्यांचीही नसेल त्याने थोडं सपीठ.
तेल नको त्यावर. ऊद नको.
पापाबद्दलचं आहे ते, त्याला वास कशाला गोड.
“तुम्ही कुठलं पाप केलंत?” आई म्हणाली.
बाबा पान उलटत म्हणाले,
“तेच बघतोय.”

लिलाव झाला.
करडू चारशे अकराला गेलं, भोपळे गेले,
कोंबड्यावरून दोन साडू भांडले.
मग वाटी वर झाली.
“बोला, सपीठ!”
कुणी खोकलं.
कुणी पंख्याकडे बघितलं.
आईने पदराचं टोक मुठीत धरलं, इतकं घट्ट,
की मला वाटलं आता तीही बोली लावते.
तेवढ्यात पाळकीणबाई एस्तेरकाकू उठल्या,
वाटी घेतली,
म्हणाल्या, “हे विकायचं नाही.”

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला पाव नव्हता.
जाडसर, एका बाजूला करपलेली भाकर होती,
खमिराशिवायची, हाताने तोडलेली.
बाबांनी तुकडा तळहातावर ठेवला
आणि नुसते बघत राहिले,
मोजत असल्यासारखे.
शेजारच्या शमुवेलआजोबांनी कोपर मारलं
तेव्हा खाल्ला.
बाहेर पडताना आई एवढंच पुटपुटली,
“मीठ राहिलं बाईंकडून.”

इब्री भाषेत अर्पणाला जो शब्द आहे
त्याच्या मुळाशी आहे जवळ येणं.
भद्रकालीतले मुनीरभाई कुर्बानी म्हणतात, ती त्याच घरातली.
आणि आपल्या मराठीत गंमत अशी, की
बळी म्हणजे कापला गेलेला,
आणि बळी म्हणजे राजाही, पायाखाली दाबलेला,
ज्याचं राज्य यावं म्हणून बायका अजून ओवाळतात.
हे मी फळ्यावर लिहिते. पोरं उतरवून घेतात.
परीक्षेत येणार नाही, तरी.

बाबांना चौथ्या महिन्यात परत घेतलं.
ताव सापडला नाही.

“आणि करडू?” योएल विचारतो.
तोच विचारणार, मला माहीत होतं.

दोरी बांधत होते तेव्हा मी जवळ गेले होते,
नुकत्या फुटलेल्या शिंगांच्या मधे
हात ठेवला होता त्याच्या डोक्यावर.
ऊन होतं डोकं.
नियम मला ठाऊक नव्हता,
की आधी हात ठेवायचा असतो,
मग बाकीचं.
आठ वर्षांची होते. काय काय ठेवलं असेन तिथे –
तो ताव, बाबांची घरी पडून राहिलेली सायकल,
आईचा रुमाल.

त्याला वाटलं, मी काही खायला आणलंय.
हात काढला तर त्याने मान वर केली
आणि माझ्या तळव्यावरचा घाम
चाटला, खारट लागला असावा,
पुन्हा चाटला.